सप्रे सरांची सात्त्विक जळजळ

कुणाचं काही चांगलं झालेलं कानावर आलं की आमचे सप्रे सर काकूंकडे थंड दूध मागतात. पोटात जळजळतं म्हणून. ही जळजळ सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या तळणाची नाही, निव्वळ हेव्याची आहे, हे ते स्वतःच सांगून टाकतात. समोरच्या शर्माजींनी गच्चीवर झोपाळा बसवला तेव्हा अर्धा कप. साडूच्या मुलाला बँकेत नोकरी लागली तेव्हा एक कप, आणि त्यात साखर नको म्हणाले.

“लोक जळतात आणि तोंडाने अभिनंदन म्हणतात,” असं त्यांचं म्हणणं. “मी जळतो आणि जळतो म्हणतो. माझी जळजळ सात्त्विक आहे, भिया.”

‘भिया’ इंदूरमध्ये सगळ्यांनाच लावतात; ‘सात्त्विक’ हा शब्द सर आपल्या सगळ्याच अवगुणांना लावतात. दुपारी अडीच तास झोपतात, तो सात्त्विक आळस. भाजीवाल्याशी भांडतात, तो सात्त्विक राग. गेल्या वर्षी गल्लीतले व्यासजी वारले. अंत्ययात्रेला इतकी गर्दी की सुदामा नगरचा आमचा रस्ता बंद झाला. सर परत आले, आंघोळ केली, पाटावर बसले आणि म्हणाले, एवढी पब्लिक, तीही दुपारच्या उन्हात, अर्धा कप दे. काकूंनी विचारलं, आता गेलेल्या माणसावरही जळता का? सर म्हणाले, माणसावर नाही, गर्दीवर.

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते. मूळची कन्नौदची. वडील तिथल्या मंडीत तुलावटी होते, म्हणजे धान्य तोलून द्यायचं काम. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.ए.साठी इंदूरला आले तेव्हा फॉर्म कसा भरतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. सरांनी तो माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, कारण अक्षर खिडकीतल्या बाबूला आवडलं पाहिजे. मग रांगेत माझ्याऐवजी स्वतः उभे राहिले. हे मी कधी विसरणार नाही, आणि इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच हसण्यासारखं सांगणार आहे.

मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले त्या दिवशी गुणपत्रिका आधी सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, मागची बाजूही बघितली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “दूध. पूर्ण ग्लास.” मला म्हणाले काहीच नाही. मी वर जाऊन रडले. थोड्या वेळाने काकू आल्या आणि पायरीवर बसून म्हणाल्या, “रडते कशाला, वेडी? परक्यांना अर्धा कप असतो. पूर्ण ग्लास मी लग्नानंतर तीनदा दिला आहे. हा चौथा.”

तेव्हापासून मी त्यांचे ग्लास वाचायला शिकले.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. बत्तीस वर्षं एकच खोली. पुढे मीही त्याच शाळेत इतिहास शिकवायला लागले, ते निवृत्त होण्याआधी दोन वर्षं. त्यामुळे ती खोली मी पाहिलेली आहे. लांबट, उंच छताची. खिडक्या फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे धान्याच्या गोदामाची सलग भिंत, त्यामुळे तिकडे खिडकी करायची सोयच नव्हती. समोर स्टुलावर तांब्या, त्याच्याशेजारी दोन कांदे. सगळ्या मुलांना उजेड डावीकडून मिळे आणि तांब्याची सावली उजवीकडे पडे. सरांनी त्याचा नियम केला होता. उजेड डावीकडून, सावली उजवीकडे, वाद नाही.

वाद खरंच कुणी केला नाही. बत्तीस वर्षांत शाळेतून बाहेर पडलेली सगळी मुलं झाडाची सावली उजवीकडे काढत, माणसाची उजवीकडे, डोंगराची उजवीकडे. एका दिवाळीच्या प्रदर्शनात मी पणतीचं चित्र पाहिलं. ज्योत मध्यभागी, पेटलेली, आणि तिच्याच पणतीची सावली उजवीकडे लांबच लांब. मी सरांना विचारलं, ही सावली कशाच्या उजेडाने पडली? सर म्हणाले, खिडकीच्या.

त्यांच्या समोरच्या खोलीत डोंगरे सर हस्तकला शिकवत. गोरे, हसरे, मुलांना गोळ्या वाटणारे. त्यांच्या वर्गात कागदाचे कंदील व्हायचे, काडेपेटीची घरं व्हायची, गाणी व्हायची. सप्रे सरांच्या वर्गात तांब्या असायचा. मधली सुट्टी झाली की मुलं डोंगरे सरांच्या भोवती गोळा होत आणि सप्रे सर आपल्या दारात उभे राहून ते बघत. डोंगरे सर हा त्यांच्या आयुष्यातला दुधाचा सगळ्यात मोठा खप. दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात डोंगरे सरांसाठी मुली रडल्या. सप्रे सरांनी घरी येऊन काकूंना सांगितलं की चार मुली रडल्या, त्यातली एक सर्दीने.

आणि मग केतकी.

केतकी सप्रे सरांकडे सहावी ते दहावी शिकली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिची शाळेतली चित्रं सरांनी पलंगाखालच्या पेटीत वर्तमानपत्रांच्या घड्यांत जपून ठेवली आहेत. मी कॉलेजात असताना ते कधीतरी पेटी ओढत, एखादं चित्र काढत आणि मला समोर बसवून त्यातल्या चुका दाखवत. इथे रेघ घाबरली आहे. इथे कांदा तरंगतोय. अर्धा अर्धा तास. केतकी हुशार आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पण ज्याच्यावर अर्धा तास टीका करावी असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. त्या न पाहिलेल्या मुलीचा मला फार हेवा वाटायचा, आणि मी दूध मागत नव्हते म्हणून तो कुणाला कळत नव्हता, एवढाच फरक.

ही केतकी पुढे हैदराबादला एका ॲनिमेशनच्या कंपनीत लागली. तिथे एक सिनेमा तयार झाला, ‘ठुमठुम का महासंग्राम’. ठुमठुम ही प्लास्टिकची खेळणी. मोठं डोकं, गोल पोट, दाबलं की शिट्टी वाजते. मुलांमध्ये फार चालतात. त्याच खेळण्यांवर हा सिनेमा. ठुमठुम एका मुलाच्या खोलीत राहतात आणि तो शाळेत गेला की युद्ध करतात. केतकीकडे त्या खोलीतल्या उजेडाचं काम होतं. हे असं काम असतं हेही मला तेव्हाच कळलं. कॉम्प्युटरमध्ये खोली तयार झाली तरी तिच्यात अंधारच असतो. उजेड कुठून येणार हे कुणाला तरी बसून ठरवावं लागतं.

सिनेमा लागण्याच्या महिनाभर आधी इथल्या हिंदी पेपरात ‘इंदौर की बेटी’ म्हणून तिचा फोटो आला. सर तो चहाबरोबर मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता थांबले. केतकीने सांगितलं होतं की तिचे गुरू डोंगरे सर.

काकू न मागताच दूध घेऊन आल्या. सरांनी ग्लास बाजूला सारला. पेपरची घडी केली, उशीखाली ठेवली, पुन्हा काढली. “एक मे महिना,” ते म्हणाले. “एका सुट्टीत ही डोंगऱ्याच्या क्लासला गेली. कंदील शिकायला. मी पाच वर्षं तांब्या काढून घेतला, तो काय हवेत गेला?”

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. केतकी कुणाची? भाजी निवडताना, बिजली गेल्यावर, पाहुण्यांसमोर. काकू म्हणाल्या की ती तिच्या आईवडिलांची. ते उत्तर सरांनी बाद केलं.

मग सिनेमा लागला, आणि पडला. म्हणजे साफ पडला. दुसऱ्याच दिवशी गल्लीतली मुलं म्हणायला लागली की मॅडम, जाऊ नका. ही बातमी मीच सरांना दिली. त्यांचा चेहरा असा उजळला की त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण ते लगेच उठून तुळशीला पाणी घालायला गेले, ते सकाळी घालून झालेलं असताना. परत येऊन म्हणाले की कानावर विश्वास ठेवणं बरं नव्हे, पुरावा पाहिजे. लोकांच्या प्रतिक्रिया तिथल्या तिथे, गरम गरम लिहून घ्यायच्या आणि ती वही डोंगऱ्यांना भेट द्यायची. गुरूला शिष्याची प्रगती कळली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मॉलमध्ये सिनेमाघराच्या बाहेर पडायच्या दारापाशी उभे. सरांच्या हातात शंभर पानी वही, समास आखलेला, वर ‘प्रतिक्रिया’ असं बोरूच्या अक्षरात. मला सोबत नेलं कारण बायका अनोळखी म्हाताऱ्याशी बोलणार नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे मी नाही म्हणू शकले नाही. खरं म्हणजे मला नाही म्हणायचंही नव्हतं. केतकीचा सिनेमा किती वाईट आहे हे ऐकायला मीही तयारच होते.

दार उघडलं आणि लोक बाहेर आले. चुरगळलेले, मुलांना ओढत. एक गृहस्थ म्हणाले की एसी उत्तम होता. सिनेमाचं विचारल्यावर ते पुन्हा एसीचंच बोलले. एक बाई म्हणाल्या की मी झोपले, मुलगी झोपली, नवरा घोरायला लागला तेव्हा आम्ही दोघी जाग्या झालो. कॉलेजच्या दोन पोरांनी सांगितलं, “अंकल, इससे अच्छा तो पोहे खा लेते, भिया.” सरांनी ते तसंच उतरवून घेतलं आणि पोह्यांखाली रेघ मारली. एक छोटी मुलगी हमसून रडत होती. तिच्याकडे घरी हिरवा ठुमठुम आहे आणि सिनेमात हिरवा एकदाच दिसला, तोही पायऱ्यांवरून पडताना. तिचे वडील म्हणाले की आता घरी जाऊन हिरव्याची माफी मागावी लागणार आहे. एक आजोबा फारच संतापले होते, पण चौकशी केल्यावर कळलं की ते चुकून दुसऱ्याच पडद्यावरचा सिनेमा बघून आले होते. सरांनी त्यांनाही लिहून घेतलं, कारण संताप खरा होता.

दोन मुलांना सिनेमा आवडला होता. सर म्हणाले, ही मुलं भावनेच्या भरात आहेत, आणि पान उलटलं.

अर्ध्या तासात भलतंच झालं. वही बघून लोकांना वाटलं की हे म्हातारे कंपनीतर्फे आले आहेत. रांग लागली. एक जण म्हणाला, “लिखो, इंटरवल के बाद कहानी है ही नहीं, लिख लिया?” दुसरा तिकीट परत मागू लागला. गार्ड आला आणि त्याने सरांना विचारलं की आपण कोण. सर म्हणाले, “मी डोंगऱ्यांचा मित्र.” आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असतील.

तिसऱ्या दिवशी एक बाई भेटल्या. छत्रीबागेकडच्या. साठीच्या, नातीचं बोट धरलेल्या, आणि हातांना पापडाच्या पिठाचा वास. घरी पापड-बडीचा, म्हणजे पापड-सांडग्यांचा, व्यवसाय आहे म्हणाल्या. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कैसी लगी? त्या म्हणाल्या, बाकी त्यांना काही कळलं नाही, पण त्या मुलाच्या खोलीतलं ऊन खोटं होतं.

“सुबह की धूप भी उसी खिड़की से, शाम की भी उसी से,” त्या म्हणाल्या. “हमारे यहाँ ऐसा होता तो पापड़ दिन में दो बार सूख जाते.”

सरांचं पेन थांबलं. “कौन-सी तरफ की खिड़की?”

“उल्टे हाथ की.”

म्हणजे डावीकडची. सरांनी हे वहीत लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, वही माझ्याकडे दिली आणि तिकिटांच्या खिडकीकडे चालू लागले. तोपर्यंत सिनेमा त्यांनी पाहिलेलाच नव्हता. डोंगऱ्यांच्या शिष्येचा सिनेमा मी का बघू, असा बाणा होता.

आत दहा-बारा माणसं. पडद्यावर ठुमठुम लढत होते. मला कथा कळली नाही, आणि खरं सांगते, मी कथा बघतही नव्हते. मी सरांसारखीच सावल्या बघत होते. सकाळी मुलगा शाळेत गेला, पलंगाची सावली उजवीकडे. दुपारी युद्ध झालं, सावल्या उजवीकडे. संध्याकाळ झाली, ऊन तांबडं झालं, आणि त्याच डाव्या खिडकीतून आत येऊन जमिनीवर पडलं. मागून कुणीतरी हसलं. सरांनी माझं मनगट धरलं होतं. त्या तांबड्या उन्हात एक लहानसा लाकडी भोवरा एकटा पडला होता. त्याची सावली उजवीकडे, कडेला गडद, पुढे विरत गेलेली. तांब्याची काढायची तशीच.

सिनेमा संपला. लोक उठले, दिवे लागले, झाडूवाले आत आले. पडद्यावर नावं धावत होती आणि सर उभं राहून वाचत होते. केतकीचं नाव आलं आणि गेलं. मला तर ते नीट दिसलंही नाही. सर म्हणाले, “आलं.”

घरी येताना रिक्षात वही माझ्या मांडीवर होती. त्यांना महिनाभर हवा होता तो पुरावा मिळाला होता. केतकी त्यांचीच होती. पण ज्या गोष्टीला लोक हसत होते, नेमकी तीच त्यांची होती. वही त्यांनी पुन्हा उघडली नाही. काकूंनी तिच्या मागच्या पानांवर लोणच्याचं प्रमाण लिहायला सुरुवात केली.

इकडे प्रकरण वाढलं. कुणीतरी त्या खोलीतल्या उन्हाची थट्टा करणारा व्हिडिओ बनवला आणि तो मोबाइलवरून सगळीकडे फिरला. लालबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी तो डोंगरे सरांना दाखवला. पेपरात गुरू म्हणून त्यांचंच नाव होतं ना. काय सर, तुमच्या शिष्येचा सूर्य मावळतच नाही का? सर, आमच्या गच्चीवर पण असा एक बसवून द्या. रोज कुणी ना कुणी. डोंगरे सर हसत आणि एवढंच म्हणत की पोरगी मेहनती आहे. ती माझ्याकडे एकच महिना होती, असं त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मग ते लालबागेत यायचे बंद झाले.

हे काकूंनी सांगितलं तेव्हा सर जेवत होते. त्यांनी विचारलं, “तो नाही म्हणाला नाही?” काकू म्हणाल्या, नाही. सरांनी भात तसाच ठेवला.

आता गंमत बघा. मराठी मंडळाने सिनेमा लागण्याआधीच केतकीचा आणि तिच्या गुरूंचा सत्कार ठरवून ठेवला होता. हॉल घेतला होता, पत्रिका वाटल्या होत्या, दोन शाली आणि दोन नारळ आणून झाले होते. मधल्या काळात सिनेमा पडला. पण शाली आणल्यावर सत्कार रद्द कसा करणार? तेव्हा सत्कार करायचा आणि सिनेमाचा विषय काढायचा नाही, असं कार्यकारिणीत ठरलं.

रविवारी सकाळी हॉल बऱ्यापैकी भरला. काकूंनी खबरदारी म्हणून थर्मासात थंड दूध घेतलं होतं. व्यासपीठावर केतकी, तिच्याशेजारी डोंगरे सर. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. बारीक, मोठ्या चष्म्याची, रात्र रात्र न झोपल्यासारखी. कंपनीने पुढच्या कामाचं काही सांगितलं नव्हतं, असं लोक कुजबुजत होते. वक्त्यांनी अर्धा तास इंदूरच्या स्वच्छतेवर, स्त्रीशक्तीवर आणि उकाड्यावर भाषणं केली. चित्रपटाला सगळे ‘तो उपक्रम’ म्हणत होते. मग अध्यक्षांनी चुकून विचारलं की कुणाला काही प्रश्न आहे का.

सिंचन खात्यातून निवृत्त झालेले देवधर उठले. त्यांना नेहमीच प्रश्न असतो. ते अगदी नम्रपणे म्हणाले की मुलीचं काम उत्तमच असणार, पण त्यांना एक तांत्रिक शंका आहे. सकाळ-संध्याकाळ ऊन एकाच खिडकीतून यायचं तर ते घर स्वतःभोवती फिरणारं असलं पाहिजे. तसं काही दाखवलं आहे का?

हॉलभर हसू फुटलं. केतकीने मान खाली घातली. डोंगरे सर उठून माइकजवळ गेले. म्हणाले की लहानपणी हाताला जे वळण लागतं ते राहतं, तेव्हा शिक्षकाने लक्ष द्यायला हवं, आणि त्यात काही चुकलं असेल तर ते माझं—

“डोंगरे, खाली बसा.”

सप्रे सर माझ्याशेजारी उभे होते. माइक नव्हता, पण बत्तीस वर्षं वर्गावर ओरडलेला आवाज होता.

“तुम्ही तिला कागदाचे कंदील शिकवलेत,” ते म्हणाले. “त्यात सावली कुठून आली? उजेड डावीकडून, सावली उजवीकडे, हे मी शिकवलं. सहावी ते दहावी. माझ्या वर्गाला उजवीकडे खिडकी नव्हती. तो सूर्य माझा आहे. ज्याला हसायचंय त्याने इकडे बघून हसावं.”

देवधरांनी खरोखर इकडे बघितलं. म्हणाले, “पण मग एखाद्या वर्षी बाकं फिरवायची होती.”

“सुचलं नाही,” सर म्हणाले.

लोक हसले. सरांनी ते उभं राहून सगळं घेतलं, मान न वाकवता. मी आजूबाजूला बघत होते. ज्यांनी लालबागेत डोंगरे सरांची थट्टा केली होती तेच आता सरांकडे बोटं दाखवत होते.

केतकी माइकजवळ आली. “सर, ऊन फिरतं हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “ऑफिसमध्ये दोनदा सांगितलं, बदल. मी नाही बदललं. लहान मुलाची खोली म्हटली की मला आपली ड्रॉइंगची खोलीच दिसते. तिथे संध्याकाळ कधी पाहिलीच नाही ना. शाळा सुटायची.”

सर अजून बसले नव्हते. जे दोन महिने उशीखाली होतं ते त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. “मग पेपरात माझं नाव का नाही घेतलंस?”

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. पाच वर्षांत तुम्ही माझ्या एका पण चित्राला चांगलं नाही म्हणालात.”

काकूंनी मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी धरला. केतकीला कुठून कळणार होतं? माझ्या आधीच्या तीन पूर्ण ग्लासांतला एखादा तिच्याच चित्राचा असेल, पण ती काही त्यांच्या स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत राहत नव्हती. सर हळूच खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर डोंगरे सर अंगावरची शाल काढत आमच्याकडे आले. ही तुमची, म्हणाले. सरांनी ती त्यांच्याच खांद्यावर नीट करून दिली. “ठेवा तुमच्याजवळ. मला जळायला काहीतरी राहू द्या.” दोघेही हसले नाहीत. मग साबुदाण्याच्या खिचडीच्या रांगेत एकापुढे एक जाऊन उभे राहिले, आणि सरांनी त्यांना विचारलं की उद्यापासून लालबागेत किती वाजता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकी घरी आली. सरांनी दुपारीच माझी मदत घेऊन बैठकीतला पलंग सरकवला होता आणि खुर्ची उलटी फिरवून पश्चिमेची खिडकी उजव्या हाताला घेतली होती. समोर काकूंचा पाण्याचा जग. चार वाजल्यापासून ते त्याचं चित्र काढत होते. खुर्चीखाली कागदांचे बोळे पडले होते. जगाची सावली डावीकडे पडत होती आणि त्यांचा हात उजवीकडे जात होता. ते खोडत होते, पुन्हा काढत होते.

केतकी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. मी चहा घेऊन दारात थांबले. मला वाटलं, आता तरी म्हणतील की चांगलं काम केलंस. काल एवढं झालं, रात्रभर कूस बदलत होते असं काकू सांगत होत्या. ते वाक्य ते मनात घोळवत असणार, याची मला खात्री होती. पण ते त्यांना नाही जमलं. मला केतकीचा हेवा मात्र तिथेही वाटत होता. माझी गुणपत्रिका त्यांनी मागून-पुढून वाचली होती, पण माझ्यासाठी त्यांनी कधी खुर्ची फिरवली नव्हती.

सरांनी कागद तिच्यासमोर धरला.

“बघ बरं,” ते म्हणाले. “जमलंय का?”

केतकीने कागद घेतला, खिडकीकडे बघितलं, जगाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी त्यांना असं कुणाच्या तोंडाकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं.

“ऊन उतरलंय, सर,” ती म्हणाली. “सावली अजून लांब जाईल.”

“कुठपर्यंत? दाखव.”

असं म्हणून सर खुर्चीतून उठले, तिला बसायला लावलं, आणि पेन्सिल तिच्या हातात देऊन मागे उभे राहिले.